काळजीवाहूचा केसपेपर

मी बालरोगतज्ज्ञ आहे. माझ्या तपासणीच्या टेबलावर येणारा सर्वांत वयस्क रुग्ण अठरा वर्षांचा. अशा माणसाने वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाविषयी लिहावे, हे आपल्या मंडळातील मेंदुविकारतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ मित्रांना काहीसे धारिष्ट्याचे वाटेल. त्यांच्या क्षेत्रात शिरण्याचा माझा हेतू नाही. रोगाविषयी त्यांनीच बोलावे. मला लिहायचे आहे ते रुग्णाच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या व्यक्तीविषयी. आणि तो अधिकार बालरोगशास्त्राने मला थोडाफार दिला आहे, असे मी समजतो.

नीलोफर रुग्णालयात शिकत असताना केसपेपर लिहिण्याची जी शिस्त लागली, तिच्यात रुग्णाच्या नावापाठोपाठ एक ओळ ठरलेली असे : माहिती देणारी व्यक्ती कोण, आणि तिची माहिती कितपत विश्वसनीय? बाळ बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने आई बोलते. आणि तिचे बोलणे ऐकता ऐकता आम्ही तिलाही तपासत असतो. बाळाचे वजन वाढत नसेल तर आम्ही आईला विचारतो, ‘तुम्ही वेळेवर जेवता का? रात्री झोप किती होते? घरी मदतीला कोण आहे?’ हे प्रश्न सौजन्याचे नसतात, ते उपचाराचाच भाग असतात. थकलेल्या आईच्या मांडीवरचे बाळ बरे होत नाही, हे आम्हांला पहिल्या वर्षातच शिकवले जाते.

आता ऐंशी वर्षांच्या विस्मरणग्रस्त रुग्णाची भेट आठवून पाहावी. खुर्चीवर वृद्ध, मागे सून, मुलगी किंवा स्वतःच सत्तरी ओलांडलेली पत्नी. हातात जाडजूड फाईल, खांद्याला पिशवी. डॉक्टर तिच्याशी बोलतात, परंतु ते बोलणे म्हणजे सूचनांची यादी असते. सकाळी ही गोळी एक, रात्री ती अर्धी; पडू देऊ नका; एकटे सोडू नका; चिडू नका. ती मान डोलावते, फाईल बंद करते आणि जाते. तिची झोप, तिचे जेवण, तिचा रक्तदाब यांची नोंद कुठेही होत नाही. दवाखान्यात रुग्ण दोन आलेले असतात. केसपेपर मात्र एकाचाच निघतो.

हे मला कोणत्याही परिषदेत समजले नाही. घरी समजले, आणि तेही उशिरा.

माझी आई १९६२ साली परभणी जिल्ह्यातील एका खेड्यातून लग्न होऊन हैदराबादेत, काचीगुड्याच्या वाड्यात आली. येथील जुन्या मराठी घरांतील अनेक स्त्रियांप्रमाणे तिचाही संसार तीन भाषांत झाला. घरात मराठी, शेजारणींशी तेलुगू आणि बेगम बाजारातील व्यापाऱ्यांशी घासाघीस करायला दखनी. २०१५च्या सुमारास ती आमटीत दोनदा मीठ घालू लागली. पुढच्या वर्षी रोजच्या देवळातून परतताना वाट चुकली. निदान झाले. त्यानंतर २०२२पर्यंत, म्हणजे तिच्या अखेरीपर्यंत, तिला सांभाळले ते माझ्या पत्नीने. ‘आम्ही सांभाळले’ असे मी लोकांना सांगत असे, ते व्याकरणापुरतेच खरे होते.

भाषेच्या संदर्भात आपल्या शहराला अभिमान वाटावा असे एक संशोधन आहे. येथील निझाम इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये, म्हणजे आपल्या ‘निम्स’मध्ये, डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये रोगाची सुरुवात एकभाषक रुग्णांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे त्यात आढळले, आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्यांमध्येही हा फरक दिसून आला. आईच्या तीन भाषांनी तिला कदाचित काही वर्षे मिळवून दिली असतील. परंतु भाषा जाऊ लागल्या तेव्हा ज्या क्रमाने त्या तिच्या आयुष्यात आल्या होत्या, त्याच्या उलट क्रमाने गेल्या. प्रथम तेलुगू गेली, मग दखनी. उरली ती परभणीकडची मराठी, आणि तीही माहेरची.

दिवसा मदतीला ठेवलेल्या बाई महबूबनगरकडच्या. तेलुगू आणि कामापुरती हिंदी जाणणाऱ्या, स्वभावाने अत्यंत मायाळू. आईला लघवीला जायचे असले की जुन्या बायकांप्रमाणे ती ‘न्हाणी, न्हाणी’ म्हणे. त्या बाईंना ऐकू येई ‘नानी’. म्हातारीला आपल्या आजीची आठवण येते आहे, अशा समजुतीने त्या तिला थोपटून पुन्हा झोपवू पाहत. आई उठू लागे, त्या बसवत. आई हात झटके, किंचाळे, आणि अखेरीस अंथरूण ओले होई. संध्याकाळी मला वृत्तान्त मिळे तो एवढाच की, आज अम्मा फार भडकल्या होत्या. मी तो जसाच्या तसा डॉक्टर मित्राला फोनवरून सांगे. माझ्यावर विश्वास ठेवून त्याने शामक औषधाची मात्रा दोनदा वाढवली. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या वर्गातील नव्या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला आणि २००८ साली जुन्या औषधांनाही तो लागू केला. हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते ‘न्हाणी’ आणि ‘नानी’ यांतील अंतर.

ते ओळखले माझ्या पत्नीने. एका सुट्टीच्या दुपारी शेजारच्या खोलीतून तिने ते ऐकले आणि तिच्या लक्षात आले. त्याच संध्याकाळी तिने बावीस मराठी शब्दांची यादी केली. न्हाणी, दुखतंय, गार वाजतंय, उकडतंय, गोधडी, वरण, पुरे. शेजारच्या मुलीकडून त्यांचा अर्थ तेलुगू लिपीत लिहून घेतला आणि तो कागद स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. पंधरा दिवसांत मित्राच्या सल्ल्याने औषधाची मात्रा पूर्वीच्या पातळीवर आली. केसपेपरच्या त्या ओळीत प्रामाणिकपणे लिहायचे तर असे लिहावे लागेल : माहिती देणारी व्यक्ती – मुलगा, डॉक्टर, विश्वसनीयता – शून्य. दिवसाचे बारा तास दवाखान्यात असलेल्या मुलाचा शब्द ग्राह्य धरला गेला, आणि जिला सारे ठाऊक होते तिला कोणी विचारले नाही. मीही नाही.

दुसरी गोष्ट याहून अधिक शरमेची आहे. पत्नी शाळेत शिक्षिका होती. आईसाठी तिने २०१७ साली मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली. २०१९ साली तिचा चष्मा वर्षात दुसऱ्यांदा बदलला, तेव्हा नेत्रतज्ज्ञांनी रक्तातील साखर तपासायला सांगितले. तीन महिन्यांची सरासरी साखर अकराच्या पुढे निघाली. वजन नऊ किलोंनी उतरले होते. दिवसाला चाळीस मुलांची वजने पाहणारा, शंभर-दोनशे ग्रॅमच्या घटीवरून आयांना चार प्रश्न विचारणारा मी. माझा वजनकाटा आमच्याच घराच्या तळमजल्यावर. आणि माझ्यासमोर रोज जेवायला बसणाऱ्या माणसाचे नऊ किलो मला दिसले नव्हते. मी म्हणालो, ‘अगं, सांगायचं नाहीस का?’ ती शांतपणे म्हणाली, ‘तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही घरात आल्यावर रोज विचारायचात, ते आईंचं.’

हा प्रसंग केवळ माझ्या घरचा असता तर स्मरणिकेची पाने मी त्यासाठी अडवली नसती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठ वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना, स्मृतिभ्रंश आहे. बहुतेक सारे घरीच असतात. म्हणजे निदान तितक्याच व्यक्ती अहोरात्र त्यांच्यामागे उभ्या आहेत. त्यांचे काय होते, यावर वैद्यकाने अगदीच डोळेझाक केलेली नाही. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात वृद्ध दांपत्यांचा चार वर्षे पाठपुरावा केला होता. जोडीदाराची शुश्रूषा करताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण शुश्रूषेचा भार नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक निघाले.

त्याहीपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८०चा छोटासा अभ्यास. अवघे २९ रुग्ण आणि त्यांना सांभाळणाऱ्या २९ व्यक्ती. रुग्णाचे वर्तन जितके बिघडलेले, तितका सांभाळणाऱ्यावरचा भार अधिक, अशी आपली सर्वांची समजूत असते. त्यांना तसे आढळले नाही. भाराचा संबंध दिसला तो घरातील इतर नातेवाईक रुग्णाला भेटायला किती वेळा येतात, याच्याशी. रोग बरा करणे आपल्या हाती नाही. नांदेडची बहीण वर्षातून किती वेळा येते, हे मात्र कोणाच्या तरी हाती असते.

मराठीत ‘केअरगिव्हर’साठी ‘काळजीवाहू’ हा शब्द आहे. पण तो आपण वाचतो वर्तमानपत्रांत, सरकार कोसळल्यावर. काळजीवाहू सरकार म्हणजे दैनंदिन गाडा हाकायचा, परंतु मोठे निर्णय घ्यायचे नाहीत. आपल्या घरांतील सुनेची आणि मुलीची स्थिती याहून निराळी नसते. भरवणे, पुसणे, रात्री तीनदा उठणे तिचे. रुग्णालयात हलवायचे का, नळीवाटे अन्न द्यायचे का, घर कोणाच्या नावावर करायचे, हे निर्णय पुण्याच्या आणि अमेरिकेच्या फोनवर होतात. कायद्यालाही ती दिसत नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या कायद्यात अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय उपचार यांचा समावेश आहे. मुलांचे कर्तव्य त्यात सांगितले आहे, ते योग्यच आहे. पण ते कर्तव्य प्रत्यक्षात जिच्या हातून पार पडते, तिच्या विश्रांतीबद्दल त्यात काही नाही.

येथे एका लाडक्या समजुतीला विरोध करणे मला बालरोगतज्ज्ञ म्हणून भाग आहे. ‘म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण’ असे आपण सहज म्हणून जातो. हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण दोन माणसांवर अन्याय करणारे आहे. मुलाला वाढवताना कष्ट असतात, मात्र दर आठवड्याला काही नवे मिळत असते. आज कुशीवर वळले, आज दोन पावले टाकली. माझ्या वाढीच्या तक्त्यावरील रेघ वर चढत जाते आणि आईचा शीण उतरतो. येथे दर महिन्याला काहीतरी हातचे जाते, आणि काळजीवाहूच्या श्रमांची वाढ दाखवणारा तक्ता कोणी छापत नाही. दुसरा अन्याय रुग्णावर. ज्या स्त्रीने चाळीस वर्षे घर चालवले, तिच्याशी लाडे लाडे बोलले तर तिला अपमान कळतो. शब्द हरवले तरी मान-अपमानाची जाण बराच काळ टिकते. आई अखेरपर्यंत, कोणी ‘अहो आई’ म्हटले की पदर सावरून बसत असे.

या प्रश्नाचा माझ्या शाखेशी थेट संबंध कसा येतो, हे एका उदाहरणावरून सांगतो. दहा वर्षांची एक मुलगी वारंवार पोटात दुखते म्हणून येत असे. सर्व तपासण्या निर्दोष. शाळा मात्र आठवड्यातून दोन-तीन दिवस बुडत होती. आईला बाजूला बसवून विचारले, ‘घरात आणखी कोणाचं करावं लागतं?’ तेव्हा उलगडा झाला. आजी दार उघडून रस्त्यावर जात असे. आई-वडील दोघेही नोकरीवर. दाराची राखण करायला ही पोर घरी राहायची, आणि राहता यावे म्हणून तिचे पोट दुखायचे. ती खोटे बोलत नव्हती, तिचे पोट खरोखरच दुखत होते. ते थांबले दाराला लावलेल्या घंटेने आणि आठवड्यातून तीन दिवस येऊ लागलेल्या आत्याने. तेव्हापासून ‘घरात आणखी कोणाचं करावं लागतं?’ हा प्रश्न मी प्रत्येक आईला विचारतो.

‘आपल्या संस्कृतीत हे सारे कुटुंबच करते’, असे उत्तर मला नेहमी मिळते. ते खरेच आहे. पण वाड्यात कुटुंब म्हणजे काकू, आत्या, दोन जावा आणि शेजारणी मिळून दहा हात होते. आजच्या सदनिकेत कुटुंब या शब्दाचा अर्थ एक स्त्री एवढाच उरला आहे. तिने पगारी मदत घेतली किंवा अखेर चांगल्या शुश्रूषागृहाचा आधार घेतला, तर तो पापाचा विषय नाही, हेही आपण डॉक्टरांनीच स्पष्टपणे सांगावयास हवे. आपल्या तोंडून ऐकल्याशिवाय तिला ते पटत नाही.

‘एवढे विचारायला वेळ कुठे आहे?’ हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर शेजारच्या गोव्याने दिले आहे. डॉ. अमित डायस आणि ‘संगाथ’ या संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ८१ कुटुंबांत केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्ती घरी जात. रोग काय आहे ते समजावून सांगत, वर्तनाच्या अडचणी कशा हाताळाव्यात ते दाखवत, काळजीवाहूचे ऐकून घेत. मनोविकारतज्ज्ञांची देखरेख असे. सहा महिन्यांच्या काळात काळजीवाहूंचे मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचे आढळले. एवढे काम आपल्या मंडळाच्या आवाक्याबाहेरचे नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, आपल्यापैकी प्रत्येकाने वृद्ध रुग्णाच्या केसपेपरवर चार ओळी काळजीवाहूसाठी राखून ठेवाव्यात : तिचे नाव आणि नाते, रात्रीची झोप, वजन व रक्तदाब, आणि स्वतःसाठी ती घराबाहेर शेवटची कधी पडली. रुग्णाचे वर्तन अचानक बदलले तर औषध वाढवण्यापूर्वी वेदना, बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांचा शोध आपण घेतोच. त्या यादीत ‘तिचे बोलणे कोणाला कळते आहे का?’ हा प्रश्नही असावा, आणि तो काळजीवाहूला विचारावा. दुसरी, निदान झाले की सर्व भावंडांना एकदा तरी एकत्र बसवावे, प्रत्यक्ष नाहीतर फोनवर. आणि औषधांच्या चिठ्ठीवर जसे दिवस लिहितो, तसे भेटीचे दिवस लिहून द्यावेत. पाठवलेल्या पैशांची गरज असतेच. पण वर्षातून पंधरा दिवस येऊन रात्रीची उठबस करणारा भाऊ पैशांच्या हिशेबात बसत नाही.

तिसरी गोष्ट खास आपली, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांची. या शहरात अनेक घरांत अशा आज्या आहेत की ज्यांच्या जगात आता फक्त मराठी उरली आहे; आणि दिवसभर त्यांच्याजवळ असणाऱ्या व्यक्तीला ती येत नाही. आपल्या मंडळाच्या सभासदांच्या कुटुंबांतून, निवृत्त मंडळींतून, सुट्टीतल्या मुलांतून आठवड्याचे दोन तास मिळाले तरी पुरे. जाऊन बसावे, मराठीत बोलावे. तेवढ्या वेळात घरातील तिने झोपावे, बाजारात जावे, किंवा स्वतःची साखर तपासून यावी. बावीस शब्दांची ती यादी पत्नीने जपून ठेवली आहे. ती वाढवून, तेलुगू लिपीत छापून, प्रत्येक सभासदाच्या दवाखान्यात ठेवण्याचा खर्च मी आनंदाने देईन.

पत्नीची साखर आता आटोक्यात आहे. आई गेल्यावर दोन महिन्यांनी मी तिला तळमजल्यावर नेऊन काट्यावर उभे केले आणि तिच्या नावाचा केसपेपर काढला. असा कागद आमच्या घरात तेव्हा प्रथमच निघाला. त्यावरील पहिली तारीख आईच्या निदानाच्या दिवसाची असायला हवी होती. वजनकाटा आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात असतो. पुढच्या वेळी वृद्ध रुग्णाचे वजन करून झाले की, फाईल धरून उभ्या असलेल्या तिलाही त्यावर उभे राहायला सांगावे.